रशियातला गिरणीवाला

अनुजाचं दिवसकार्य उरकून आठवडा झाला असेल, तेव्हा तिचा नवरा यतीन डिलाईल रोडच्या चाळीत आला. हातात कापडी पिशवी होती. पिशवीत तिची शाल, चष्मा, हॉस्पिटलात वापरायची स्टीलची बाटली आणि एक जाडजूड पुस्तक.

"आईंना शाल हवी होती म्हणून आणली," तो म्हणाला. "पुस्तक मला घरात बघवत नाही, बाबा. इथे राहू दे."

मीराबाईने लेकीची शाल छातीशी धरली आणि ती आत गेली. आनंदा कुबलने पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. पिशवी तशीच कपाटावर टाकली. त्या पुस्तकाचा त्याला राग होता.

आनंदा मूळचा मालवणजवळच्या एका वाडीतला. अठराव्या वर्षी मुंबईला आला तो चुलत्याच्या ओळखीने थेट कापडगिरणीत, साच्यावर म्हणजे मागावर. दिवसभर साच्याचा खडखडाट आणि संध्याकाळी रात्रशाळा, असं करत नववीपर्यंत पोचला. मग संप झाला, गिरणी गेली. पुढची तीस वर्षं त्याने मिळेल ती नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीच्या गेटवर सिक्युरिटीत काढली. साच्यांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून जुने कामगार खुणांनी बोलायचे. आनंदाला पुढेही तीच सवय राहिली. घरात तो मानेने हो म्हणायचा, हाताने नको म्हणायचा. पेपर मात्र पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा. कादंबरी कधी वाचली नव्हती. खोट्या माणसांची दुःखं कशाला वाचायची, असं त्याचं म्हणणं.

अनुजा त्याची एकुलती मुलगी. शिकली, एका विमा कंपनीत लागली, आणि तिथल्याच यतीन तळपदेशी लग्न करायचं म्हणाली. यतीन फणसवाडीतला, तीन पिढ्या गिरगावात काढलेल्या घरातला. आनंदा त्यांच्याकडे चहाला गेला. यतीनची आई उर्मिला अगदी प्रेमाने म्हणाली, "अनुजा खूप हुशार आहे हो. चाळीत राहूनसुद्धा किती छान शिकली!"

आनंदाने कप खाली ठेवला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "हे लग्न मला मान्य नाही."

कारण त्याने सांगितलं नाही. अनुजाने दोन महिने विचारलं, मीराबाई रडली, पण तो हाताने नको म्हणत राहिला. शेवटी लग्न रजिस्टर झालं. त्या सकाळी अनुजा न्हाणीघरात असतानाच आनंदा युनिफॉर्म चढवून साडेसहाला निघून गेला. सुट्टीवर गेलेल्या एकाची ड्यूटी त्याने मागून घेतली होती. मीराबाई भाऊ वसंताला घेऊन लग्नाला गेली.

पुढे येणंजाणं सुरू झालं. दिवाळीला आनंदा फणसवाडीत जायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, फराळाचं एक ताट संपवून उठायचा. लग्नाच्या दिवसाबद्दल ना तो बोलला, ना अनुजा. सहा वर्षं अशी गेली. मग अनुजाच्या पोटात दुखू लागलं आणि तपासण्यांत कॅन्सर निघाला. ती तेहतीस वर्षांची होती.

परळच्या हॉस्पिटलात आठ महिने तिचं आतबाहेर चाललं. भेटायची वेळ चार ते सहा. आनंदा रोज चारला पाच कमी असताना जिन्याशी उभा असायचा. वर जाऊन स्टुलावर बसायचा. अनुजा उशीला टेकून ते पुस्तक वाचत असायची. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून घेतलेली रशियन कादंबरी, मराठीत केलेली, साडेअकराशे पानांची. "इतकी वर्षं राहून गेलं होतं, आता वेळच वेळ आहे," असं ती नर्सला सांगायची. आनंदाला वाटायचं, आपल्याशी बोलावं लागू नये म्हणून ही त्या पुस्तकाआड बसते. पण विचारलं नाही. दोन तास तो तिच्या पायांकडे बघत बसायचा आणि सहाला उठायचा.

एकदाच तिने पुस्तकातून मान वर काढून म्हटलं, "बाबा, तुम्ही यात आहात हां."

"मला कशाला नेतेस रशियात? डोळ्यांना ताण पडेल. मीट ते," आनंदा म्हणाला.

ती हसली आणि पुन्हा वाचू लागली.

शेवटच्या दिवसांत तिला पुस्तकाचं वजन पेलेना. "बाबा, जरा धरता? हात भरून येतो." मग तीन दिवस आनंदाने ते पुस्तक तिच्यासमोर उघडं धरलं. तिच्याकडे पानं, याच्याकडे तपकिरी पुठ्ठा. तिने मान हलवली की हा पान उलटायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आज नको," आणि गोळ्यांच्या पाकिटाचा एक चंदेरी तुकडा खूण म्हणून पानांत घातला. त्यानंतर पुस्तक उघडलं नाही. नवव्या दिवशी ती गेली.

पिशवी कपाटावर दोन महिने राहिली. एका दुपारी मीराबाई कपाट पुसताना ती खाली पडली आणि पुस्तक लादीवर उघडं पडलं. आनंदाने उचललं. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अनुजाचं बारीक अक्षर होतं.

रशियन नावं लक्षात राहीनात म्हणून तिने यादी केली होती. एका बाजूला पुस्तकातलं नाव, पुढे बरोबरची खूण, आणि मग ओळखीचं माणूस. एका मोठ्या जमीनदारीणबाईसमोर 'नलूमावशी, पहिला मजला' असं लिहिलं होतं. चर्चची घंटा वाजवणाऱ्या दारुड्यासमोर 'गंगाधर, पानवाला'. मीराबाईला वाचून दाखवताना आनंदाला अनुजा गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. आणि मग अकरावी ओळ आली. 'येरोफेय सावेलिच, गिरणीवाला = बाबा.'

"कोण तो?" मीराबाईने विचारलं.

"माहीत नाही."

"मगे वाचा आणि बघा."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आनंदा गॅलरीत बाकड्यावर पुस्तक घेऊन बसला. पहिल्या वीस पानांनी त्याचा जीव मेटाकुटीला आला. एकाच माणसाला बाप एका नावाने हाक मारी, बायको दुसऱ्या, आणि नोकर तिसऱ्या. कोण मेलं आणि कोण नुसतं झोपलं हेही कळेना. पण अनुजाची यादी होती. तो बोटाने यादीवरची ओळ धरायचा, मग पुढे सरकायचा. दिवसाला आठ पानं, कधी पाच.

अठ्ठावन्नाव्या पानावर येरोफेय आला. नदीकाठी पाणचक्की चालवणारा, सगळ्या गावाचं धान्य दळून देणारा. मराठी करणाऱ्याने त्याला 'गिरणीवाला' म्हटलं होतं. पापण्यांवर कायम पीठ बसलेलं, बोलणं जवळजवळ नाही.

आनंदाला हायसं वाटलं. म्हणजे गंमत होती. बाप गिरणीतला, हाही गिरणीवाला. पोरीने शब्दावरून नाव जोडलं, एवढंच. हे त्याने मीराबाईला सांगितलं.

"गिरणी ती येगळी नि ही येगळी," ती म्हणाली.

"तेच तर. तिची गंमत."

त्यानंतर मीराबाई रोज दुपारी तांदूळ निवडायला त्याच्याजवळ येऊन बसू लागली. "काय झालां पुढे?" विचारायची. तिला त्या जमीनदारांच्या कज्ज्यांत रस नव्हता, तिला फक्त येरोफेयचं हवं असायचं. तो तर तीस-चाळीस पानांनी एकदा डोकवायचा. त्याला ग्लाशा नावाची मुलगी होती. ती जमीनदाराच्या वाड्यात कामाला जाई. तिथे जमीन मोजायला आलेल्या एका शहरी तरुणाशी तिचं जमलं. येरोफेयने नकार दिला. का, ते पुस्तकातही सांगितलं नव्हतं.

आनंदाची आठ पानं दोनवर आली.

"तेका बायल नाय?" मीराबाईने विचारलं.

"नाय. बायको कधीच मेली."

"मगे तेका चार शब्द सांगतला कोण?"

असं म्हणून ती तांदळाचं सूप घेऊन आत गेली. आनंदाने त्या दिवशी पुढे वाचलं नाही. येरोफेयला सांगणारं कोणी नव्हतं. आनंदाला होतं, लग्नाआधी दोन महिने रोज सांगत होतं.

तीनशे ऐंशीच्या पुढे ते पान आलं. ग्लाशा त्या तरुणाबरोबर शहराला निघते. घोडागाडी गिरणीसमोर येऊन थांबते. बाहेर बर्फ आहे, घोडा फुरफुरतो आहे. येरोफेय आत आहे आणि गिरणी चालू आहे. पण दळायला दाणाच नाही. नुसता दगडावर दगड फिरतो आहे. गाडी निघाल्याचा आवाज कानावर येऊ नये म्हणून त्याने रिकामी गिरणी सुरू ठेवली आहे.

समासात अनुजाने पेन्सिलीची एक उभी रेघ ओढली होती. बाकी काही लिहिलं नव्हतं.

आनंदाने चष्मा काढला. त्या सकाळी त्याने मागून घेतलेली ड्यूटी, इस्त्रीचा युनिफॉर्म, न्हाणीघरात पडणारं पाणी. मग तो परत पहिल्या पानावर गेला आणि यादी नीट तपासू लागला. त्याची ओळ पन्नासाव्या पानावरच्या माणसाच्या खाली आणि नव्वदाव्या पानावरच्या बाईच्या वर होती. म्हणजे तिने ते नाव लिहिलं तेव्हा ती नुकती येरोफेयला भेटली होती. ग्लाशाचं काही तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती गंमतच होती, शब्दाची गंमत.

चार दिवस त्याने हा आधार धरून ठेवला. पाचव्या दिवशी जेवताना त्याच्या मनात आलं, पुढे कळल्यावर तिने ते खोडलं नाही. पेन्सिलीने लिहिलेलं होतं. खोडता आलं असतं.

तरी तो वाचत राहिला. पावसाळा सरला, गणपती येऊन गेले, आणि दसऱ्याच्या सुमारास तो त्या पानांपर्यंत पोचला, जी त्याने तीन दिवस हातात धरली होती. चंदेरी तुकडा सातशे बाराव्या पानावर होता. त्याच्या मागची तीस-पस्तीस पानं तीच असणार. आनंदाने ती फार हळू वाचली. त्यात विशेष काहीच नव्हतं. एक म्हातारी मुरांबा करते. दोन भाऊ कुंपणावरून भांडतात आणि मग एकाच गाडीतून बाजाराला जातात. या ओळींवरून तिचे डोळे फिरत होते, तेव्हा आपण पुठ्ठ्याकडे बघत होतो, एवढंच त्याला आठवत राहिलं. एका जागी ती खुदकन हसली होती, ते कुठल्या ओळीला, हे त्याने पुन्हापुन्हा शोधलं. सापडलं नाही.

सातशे बारानंतर तो थांबला. पान उलटवेना. इथपर्यंत तिच्या मागून चालत आल्यासारखं होतं. पुढे एकट्याने जायचं, आणि तिला त्या चंदेरी तुकड्यापाशी सोडून जायचं, हे त्याला जमेना. तीन आठवडे पुस्तक मिटलेलं राहिलं.

"वाचनास नाय?" मीराबाईने एकदा विचारलं.

"तिचं तिथेच राहिलं."

मीराबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तिका वाचूक गावला नाय म्हणान तुमी पण वाचूचा नाय? आणि त्या गिरणीवाल्याचा काय झाला, तां माका कोण सांगतला?"

तेव्हा तो पुढे निघाला. आता त्याला एकच ओढ होती. येरोफेय शहराला जाईल, मुलीचं दार शोधेल, निदान एक पत्र तरी लिहील. कादंबरी एवढी मोठी आहे, लिहिणाऱ्याला माणसांची एवढी माया आहे, तो याला असाच सोडणार नाही. पानामागून पानं गेली. लढाई झाली, वाडा विकला गेला, जमीनदारीणबाई वारली. येरोफेयचं नाव कुठेच नव्हतं. नऊशे एकतिसाव्या पानावर एक गाडीवान दुसऱ्याला रस्ता सांगतो, "नदीकडून जाऊ नकोस. पुरात गिरणी वाहून गेली, तिथे आता नदी पार करायला उतार नाही. वरून फिरून जा."

बस. गिरणीत माणूस होता की नव्हता, जगला की मेला, काही नाही. आनंदाने ते पान चारदा वाचलं. मग उरलेली दोनशे पानं त्याने झपाट्याने संपवली, दर पानावर त्याचं नाव शोधत. ग्लाशाचंही पुढे काही आलं नाही. शेवटचं पान वाचून झाल्यावर तो मीराबाईला म्हणाला, "विसरला. लिहिणारा त्याला विसरला."

दुसऱ्या रविवारी पुस्तक पिशवीत घालून तो फणसवाडीत गेला. फोन न करता गेला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. उर्मिलाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या देवळात जायचं निमित्त करून बाहेर गेल्या. यतीन वाळला होता. दाढी वाढली होती.

"वाचलं मी," आनंदा पिशवी पुढे करत म्हणाला. "सगळं."

यतीन पुस्तकाकडे बघत राहिला. "मला धीर नाही होत. काय आहे हो त्यात? ती मधलंमधलं सांगायची, मला काही संदर्भ लागत नसे. तुम्ही सांगा ना."

आणि आनंदा सांगू लागला. आधी अडखळत, मग सलग. कोणाचं कोण, कोणाच्या वाड्याला आग लागली, कोण लढाईवरून परत आला आणि कोण नाही. दीड तास तो बोलत होता. आयुष्यात एका बैठकीत तो इतकं कधी बोलला नसेल. यतीन मधे एकदाही हलला नाही. शेवटी त्याने विचारलं, "आणि येरोफेय?"

आनंदा दचकला. येरोफेयचं नाव त्याने मुद्दाम वगळलं होतं. "तुम्हाला कसा ठाऊक?"

"अनुजा नेहमी त्याच्याबद्दल बोलायची."

"त्याचं पुढे काहीच नाही. गिरणी वाहून जाते. त्याचं काय झालं ते दिलेलं नाही." मग त्याने जे विचारायला आला होता ते विचारलं. "काय बोलायची त्याच्याबद्दल?"

यतीनने खिडकीकडे तोंड फिरवलं. "ती त्याच्यावर रागवायची नाही, बाबा. ग्लाशावर रागवायची. म्हणायची, गाडी दाराशी उभी होती, तर हिने खाली उतरून आत का नाही जायचं? त्याला बाहेर येता आलं नाही, पण हिला आत जाता आलं असतं. एक हाक मारायची. आमच्या लग्नाच्या दिवशी इथे येताना तिने टॅक्सी तुमच्या इमारतीसमोर थांबवायला लावली होती. रस्त्याच्या पलीकडे. तुम्ही एका गाडीखाली आरसा सरकवून बघत होता. मी म्हटलं, जा, भेटून ये. ती पाच मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, नको, चल. ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. म्हणाली होती, आता हॉस्पिटलात बाबा रोज येतात, तर एकदा बोलणार आहे."

आनंदाने पुस्तकाच्या तपकिरी पुठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "बोलली होती."

"काय?"

"तुम्ही यात आहात, म्हणाली होती. तीच हाक होती. मी म्हटलं, मीट ते पुस्तक."

यतीन उठून त्याच्याजवळ बसला. दोघांपैकी कोणालाच पुढे काय करायचं ते कळेना. बाहेर जिन्यावर उर्मिलाबाईंच्या चपलांचा आवाज झाला, तेव्हा यतीनने घाईघाईने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेला.

पुस्तक फणसवाडीतच राहिलं. आनंदा घरी आला तेव्हा मीराबाई दाराशीच होती. तिला त्याने टॅक्सीचं सांगितलं, हॉस्पिटलातल्या त्या एका वाक्याचंही सांगितलं.

"तेवा तुमी तिका काय बोललास?"

आनंदाने आपले शब्द जसेच्या तसे सांगितले. मीराबाईने पदर तोंडाला लावला. त्याला दोष दिला नाही, समजावलंही नाही. मग म्हणाली, "यतीनाक रयवारी जेवूक बोलवा. एकटो पडलो हा."

रविवारी यतीन आला. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती, पण त्या घरात तो पाटावर बसून पहिल्यांदाच जेवत होता. मीराबाईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. आनंदाने स्वतः उठून त्याच्या ताटात भात वाढला. तिखलं तिखट झालं होतं आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.